मतदानयंत्र : एका रचनेचे परीक्षण

गायनाचे परीक्षण श्रोता करतो, पाकाचे परीक्षण जेवणारा करतो. वापरावयाच्या वस्तूचे परीक्षण मात्र बहुधा ती बनविणाऱ्याचे व्यवसायबंधूच करतात, ही आपल्या काळातील एक विचित्र गोष्ट आहे. रचनाकारांच्या परिषदा भरतात, पारितोषिके वाटली जातात, गुळगुळीत कागदावर छायाचित्रे छापली जातात. त्या छायाचित्रांत खुर्ची असते, पण तीवर बसलेला माणूस नसतो. जिना असतो, पण कठड्याला धरून चढणारी म्हातारी नसते. मग नळ कसा सोडावयाचा हे न उमगल्याने पाहुणा हात न धुताच परततो, आणि दार ओढावयाचे की ढकलावयाचे हे सांगण्यासाठी त्यावर चिठ्ठी चिकटवावी लागते. जेथे अशी चिठ्ठी चिकटवावी लागली तेथे रचना फसली, असे समजावयास हरकत नाही.

याउलट आपल्या देवघरातील पळीकडे पाहावे. तिचा दांडा लांब, कारण पंचपात्राच्या तळापर्यंत ती पोचली पाहिजे. दांड्याचे टोक वळलेले, कारण ती पात्रात घसरून पडता कामा नये. वाटी लहान, कारण तळहातावर मावेल तितकेच तीर्थ द्यावयाचे असते. ही पळी प्रथम कोणी घडविली हे कोणास ठाऊक नाही, आणि तिला कोणी पारितोषिकही दिले नाही. पूजा करणाऱ्यांच्या हातांनी पिढ्यान्‌पिढ्या तिचे परीक्षण केले व जे अडत होते ते गळून पडले. परंतु यंत्रयुगात करणारा कारखान्यात आणि वापरणारा शेकडो कोस दूर असतो. पिढ्यान्‌पिढ्या वाट पाहण्यास सवड नसते. अशा वेळी रचनाकाराने कोणाकडे पाहून रचना करावी? आपल्या बरोबरीच्या जाणत्यांकडे, की ज्याच्या हाती ती वस्तू अखेर जावयाची त्या अजाण माणसाकडे? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास आपल्या देशात एक वस्तू फार सोयीची आहे, आणि तिचे एक माहेर हैदराबादेत आहे. ती वस्तू म्हणजे मतदानयंत्र होय.

हैदराबादच्या ईशान्येस ज्या भागाला लोक नुसते ‘ई.सी.आय.एल.’ म्हणून ओळखतात, तेथे १९६७ साली अणुऊर्जा खात्याच्या छत्राखाली इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली. तिच्या कार्यालयाची इमारत चार्ल्स कोरिया यांनी रचली. कोरियांचे कूळ गोव्याचे, पण जन्म १९३० साली येथलाच, सिकंदराबादचा. त्यांच्या इमारतींवर स्थापत्याच्या ग्रंथांतून पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याच संस्थेने १९७९ साली तयार केलेल्या मतदानयंत्राच्या पहिल्या नमुन्यावर मात्र रसिकतेने लिहिलेले क्वचितच आढळते. त्यावर लिहिले गेले ते वकिलांनी, पुढाऱ्यांनी आणि तंत्रज्ञांनी. देशातील कोट्यवधी माणसांनी स्वतःच्या बोटाने वापरलेली ही वस्तू कलासमीक्षेच्या कक्षेबाहेर राहावी, हे समीक्षेला भूषणावह नाही.

या यंत्राचे गुणदोष कळण्यासाठी त्याच्या पूर्वजांची ओळख करून घेतली पाहिजे. १९५१-५२ साली पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली तेव्हा मतदार सतरा कोटींहून अधिक होते आणि त्यांतील बहुसंख्यांस अक्षरओळख नव्हती. अशा मतदाराकडून नाव वाचण्याची अथवा खूण करण्याचीही अपेक्षा ठेवावयाची नाही, असे तेव्हाच्या निवडणूक आयोगाने ठरविले. प्रत्येक उमेदवाराला स्वतंत्र पोलादी पेटी दिली, पेटीवर त्याचे चिन्ह लावले, आणि मतदाराने कोरी मतपत्रिका आपल्या पसंतीच्या पेटीत टाकावयाची, एवढेच काम त्याच्याकडे ठेवले. या पेट्या मुंबईत विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात बनल्या, तशा हैदराबादच्या ऑल्विन मेटल वर्क्समध्येही बनल्या. या शहराचा मतदानाच्या साधनांशी असलेला संबंध असा जुना आहे.

ही रचना मतदाराला सोपी होती, पण तिचा सारा भार व्यवस्थेवर पडत होता. उमेदवार तितक्या पेट्या. त्या वाहून न्यावयाच्या, राखावयाच्या, उघडावयाच्या. १९५७ च्या निवडणुकीनंतर ही पद्धत मागे पडू लागली आणि १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत एकाच मतपत्रिकेवर चिन्हापुढे शिक्का उठविण्याची पद्धत रूढ झाली. चिन्ह पेटीवरून कागदावर उतरले, पण चिन्ह राहिले. त्याचे सामर्थ्य किती, हे आपल्या वाचकांस निराळे सांगावयास नको. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्याच्या भवितव्याचा, आणि पर्यायाने मराठी-कोंकणीच्या जिव्हाळ्याचा, कौल घेण्यात आला, तेव्हा विलीनीकरणासाठी फूल आणि स्वतंत्र अस्तित्वासाठी दोन पाने अशी चिन्हे होती. एवढा गुंतागुंतीचा प्रश्न फुलापानांत मावला, आणि ३४ हजारांच्या अंतराने दोन पानांच्या बाजूने सुटला. कौल कोणास रुचला, कोणास रुचला नाही, हा भाग वेगळा. आपण काय विचारले गेलो आहोत हे कळले नाही, अशी तक्रार मात्र कोणाच्या तोंडी नव्हती. सामान्यांसाठी केलेल्या रचनेचे याहून मोठे यश कोणते?

आता प्रत्यक्ष यंत्राकडे वळू. त्याचे दोन भाग. एक मतदान-अधिकाऱ्यापुढे, दुसरा आडोशामागे मतदारापुढे. मध्ये पाच मीटर लांबीची तार. मतदारापुढचा भाग म्हणजे एक बसकी पेटी. तीवर उमेदवारांची नावे व चिन्हे ओळीने, प्रत्येकासमोर एक निळे बटण आणि एक लहानसा तांबडा दिवा. अधिकाऱ्याने आपल्याकडील बटण दाबून मुभा दिल्यावाचून मतदाराचे बटण चालत नाही. त्याने एकदा दाबले की दिवा पेटतो, लांब शिटीसारखा आवाज होतो, आणि यंत्र पुढल्या मतदारापर्यंत मुके होते. सारे काही बॅटरीवर चालते, कारण ज्या गावी ते जावयाचे तेथे वीज असेल याची शाश्वती नव्हती. या यंत्राला आजचे रूप देण्यात पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील औद्योगिक रचना केंद्राच्या अध्यापकांचा हात होता. ही मंडळी व्यवसायाने रचनाकार. आपल्या कलेचे प्रदर्शन करण्याचा मोह त्यांनाही झाला असेल. तो त्यांनी आवरला, हा या कृतीचा पहिला गुण. एक कृती, एक बटण, एक दिवा, एक नाद. मतदाराने शिकावे असे त्यात जवळजवळ काहीच नाही.

दुसरा गुण अधिक सूक्ष्म आहे. हे यंत्र नवे असून नवेपणाचा डौल मिरवीत नाही. पारदर्शक झाकणाखाली सरकविलेला जो कागद मतदाराला दिसतो तो जवळजवळ जुनी मतपत्रिकाच असतो. तीच ओळ, तेच चिन्ह. फक्त शिक्क्याच्या जागी बटण आले. साठ वर्षांच्या म्हातारीला जे पूर्वी ठाऊक होते ते टाकून द्यावे लागले नाही. घरातील नवी सून जशी सासूच्या मांडणीतली भांडी जागच्या जागी ठेवूनच स्वयंपाकाला लागते, तशी ही रचना वागली.

तिसरा गुण नादाचा. आवाज मतदाराला सांगतो की तुझे काम झाले. तोच आवाज आडोशाबाहेर बसलेल्या अधिकाऱ्याला आणि उमेदवारांच्या प्रतिनिधींना सांगतो की मत पडले, एकच पडले. मत कोणाला पडले हे गुप्त, मत पडले हे जाहीर; लोकशाहीतील मतदानाची ही दोन्ही अंगे एका शिटीने सांभाळली. घंटा वाजली म्हणजे आरती सुरू झाल्याचे सभामंडपात सर्वांस कळते, पण ज्याने-त्याने मनात काय मागितले ते ज्याचे त्यासच ठाऊक, त्यातलाच हा प्रकार. एखाद्या चित्रकाराने इतक्या थोड्या साधनांत इतका अर्थ भरला असता तर आपण त्याची वाहवा केली असती.

चांगल्या हेतूने केलेली रचनाही सामान्य माणसाच्या हाती गेल्यावर कशी फसते, याचे उदाहरण अमेरिकेत २००० साली घडले. फ्लोरिडा राज्यातील पाम बीच परगण्यात वृद्ध मतदारांना अक्षरे मोठी दिसावीत म्हणून उमेदवारांची नावे समोरासमोरच्या दोन पानांवर छापली आणि टोचावयाची छिद्रे मध्ये एका रांगेत ठेवली. परिणाम असा झाला की, कोणते छिद्र कोणत्या नावाचे हेच अनेकांस कळेना. त्या राज्यात विजयाचे अंतर अवघे ५३७ मतांचे होते आणि त्यावर राष्ट्राध्यक्षपद अवलंबून होते. रचनेचा हेतू दयाळू होता. पण ज्यांच्यावर दया करावयाची त्यांच्या हाती ती देऊन पाहण्याचे राहून गेले असावे. आपल्या यंत्रातील नाव, चिन्ह, दिवा आणि बटण एकाच आडव्या रेषेत आहेत, हे वरवर किरकोळ वाटणारे वैशिष्ट्य किती मोलाचे आहे ते या उदाहरणावरून ध्यानी येईल.

गुणांचे वर्णन येथवर पुरे. समीक्षकाला दोषांकडेही तितक्याच बारकाईने पाहिले पाहिजे.

पहिला दोष गर्दीत प्रकट होतो. एका पेटीवर सोळाच बटणे मावतात. उमेदवार वाढले की पेट्या वाढतात. १९९६ साली कागदी मतपत्रिका असताना नलगोंड्यात फ्लोराइडयुक्त पाण्याच्या प्रश्नावर लक्ष वेधण्यासाठी ४८० उमेदवार उभे राहिले, आणि त्याच वर्षी बेळगावात सीमाप्रश्नासाठी ४५६. मतपत्रिकेचा पसारा करून दुःख सांगण्याची ही रीत यंत्राच्या काळातही थांबली नाही. २०१९ साली निजामाबादेत हळद व लाल ज्वारी पिकविणारे शेतकरी मोठ्या संख्येने उभे राहिले आणि उमेदवारांची संख्या १८५ झाली. प्रत्येक केंद्रावर बारा पेट्या मांडाव्या लागल्या. यंत्र मोडले नाही, हे तंत्रज्ञांचे यश. परंतु बारा पेट्यांपुढे उभ्या राहिलेल्या मतदाराच्या दृष्टीने ‘एक कृती, एक बटण’ हा सोपेपणा तेथे संपला. तेथे शोध घेणे हेच काम होऊन बसले.

दुसरा दोष चिन्हांचा. ही चिन्हे काळ्या रेषांत, लहान आकारात छापली जातात. ज्याने ती कागदावर मोठी काढली त्याला ती स्पष्ट दिसतात. मतदाराला ती दिसतात बोटाच्या पेराएवढी, अंधुक उजेडात, कधी मोतीबिंदूच्या डोळ्याने. तेलंगण राष्ट्र समितीने आपल्या मोटारीच्या चिन्हाशी रस्ता दाबण्याच्या रोलरची व मालमोटारीची चिन्हे मिळतीजुळती असल्याची तक्रार एकाहून अधिक वेळा केली. महाराष्ट्रात २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत गोष्ट आणखी विलक्षण झाली. एका पक्षाचे चिन्ह ‘तुतारी वाजवणारा माणूस’; आणि इंग्रजी यादीतील ‘ट्रम्पेट’ या चिन्हाचेही मराठी नाव ‘तुतारी’. साताऱ्यात या दुसऱ्या चिन्हाला विजयाच्या अंतराहून अधिक मते पडली. त्यांपैकी किती चुकून पडली हे कोणीही सांगू शकणार नाही. पण यादी करणाऱ्यांनी दोन चित्रे वेगळी आहेत एवढेच पाहिले. गावकरी चित्राला कोणत्या नावाने हाक मारतो, हे पाहिले नाही. प्रचारसभेत कानावर पडतो तो शब्द. केंद्रावर शोधावयाचे असते ते चित्र. ज्या रचनेत कान आणि डोळा यांची फारकत होते ती रचना सामान्यांची राहात नाही. येथे कागदावर बसून निर्णय करणारा जाणता आणि वापरणारा यांच्यामधील अंतर उघडे पडते.

सुधारणा झाल्याच नाहीत असे नाही. बटणांच्या बाजूस ब्रेल लिपीतील अंक आले. २०१३ साली ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हे बटण आले, २०१५ पासून उमेदवाराचे छायाचित्र आले, आणि २०२५ साली बिहारच्या निवडणुकीपासून ते छायाचित्र रंगीत व अनुक्रमांक ठळक करण्यात आले. प्रत्येक सुधारणा योग्यच. पण छायाचित्र रंगीत होण्यास दहा वर्षे का लागावीत?

तिसरा दोष ज्याच्याविषयी कोणी बोलत नाही त्या वापरणाऱ्याचा आहे. यंत्र मतदार वापरतो, तसाच मतदान-अधिकारीही वापरतो. आणि तो बहुधा शाळामास्तर असतो. पहाटे प्रतिनिधींच्या समक्ष त्याने चाचणी मतदान घ्यावयाचे, मग ती मते पुसावयाची आणि मग खरे मतदान सुरू करावयाचे. ही मते पुसावयाची राहून गेल्याचे प्रसंग घडले आहेत आणि आकड्यांचा मेळ बसेनासा झाला आहे. आदल्या रात्री बाकावर निजलेल्या माणसाच्या स्मरणशक्तीवर एवढा महत्त्वाचा टप्पा सोपवावा, ही त्या माणसाची चूक नव्हे. ती रचनेची उणीव होय. मतदाराच्या बाबतीत जी करुणा रचनाकारांनी दाखविली ती अधिकाऱ्याच्या वाट्याला तितकी आली नाही.

आता सर्वांत मोठा प्रश्न, आणि तो विश्वासाचा. १९८२ साली केरळातील परूर मतदारसंघात काही केंद्रांवर हे यंत्र प्रथम वापरले गेले. कायद्यात तशी तरतूद नसल्याने १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने ते मतदान रद्द ठरविले. पुढे कायदा बदलला, आणि २००४ च्या लोकसभा निवडणुकीत सर्व मतदारसंघांत यंत्र आले. या काळात शंका निघाल्या की उत्तर ठरलेले असे. यंत्र कोणत्याही जाळ्याला जोडलेले नाही, त्यातील आज्ञावली पुन्हा लिहिता येत नाही, तज्ज्ञांच्या समितीने ते तपासले आहे. ही उत्तरे खोटी होती असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. परंतु ती तज्ज्ञांनी तज्ज्ञांना दिलेली उत्तरे होती. मतदाराचा प्रश्न इतकाच होता की, मी दाबले ते गेले कोठे? जुन्या पेटीत त्याने स्वतःच्या हाताने कागद टाकला होता. नव्या पेटीत त्याला दिवा दिसला, आवाज आला. मत दिसले नाही.

जर्मनीच्या संघीय घटना न्यायालयाने ३ मार्च २००९ रोजी तेथील मतदानयंत्रांविषयी जो निर्णय दिला त्याचे सार असे की, निवडणुकीचे महत्त्वाचे टप्पे विशेष तांत्रिक ज्ञान नसलेल्या नागरिकालाही खात्रीने तपासता आले पाहिजेत. समीक्षेच्या दृष्टीने हा निर्णय फार मोलाचा आहे. सामान्य माणसाला वस्तू वापरता यावी एवढ्याने रचनाकाराचे कर्तव्य संपत नाही. त्याला तिची पारखही करता आली पाहिजे. बाजारातला तराजू याच कारणाने चांगली रचना ठरतो. काटा दुकानदाराला दिसतो तसाच गिऱ्हाइकालाही दिसतो.

आपल्याकडे हा काटा उशिरा आला. ८ ऑक्टोबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कागदी पुराव्याची आवश्यकता मान्य केली. मतदानाची चिठ्ठी छापणारे जोडयंत्र २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत सर्वत्र लागले. चिठ्ठी काचेमागे सात सेकंद दिसते आणि मग पेटीत पडते. मतमोजणीच्या वेळी प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजून ताळा घेतला जातो. सर्व चिठ्ठ्या मोजाव्यात ही मागणी २६ एप्रिल २०२४ रोजी न्यायालयाने नाकारली. कायद्याच्या दृष्टीने प्रश्न तेथे थांबला असेल. रचनेच्या दृष्टीने तो थांबलेला नाही. बोट बटणावर, नजर दिव्यावर, कान आवाजाकडे. आणि त्याच क्षणी शेजारच्या काचेतली बारीक चिठ्ठी सात सेकंदांत वाचावयाची. चष्मा पिशवीत असलेल्या माणसाला हे साधत नाही. पहिल्या यंत्रात जी एकाग्रता होती ती या जोडीने विस्कटली. काटा बसविला, पण तो गिऱ्हाइकाच्या नजरेच्या बाजूला बसविला.

आणि म्हणूनच एक गोष्ट विचार करावयास लावते. डिसेंबर २०२० मध्ये, महामारीच्या दिवसांत, हैदराबाद महानगरपालिकेची निवडणूक झाली ती यंत्रावर नव्हे. कागदी मतपत्रिकेवर, शिक्का मारून. ज्या शहरात यंत्र बनते त्याच शहराने त्या वेळी जुन्या पद्धतीकडे वळावे, यात यंत्राचा पराभव पाहण्याचे कारण नाही. कागद मोजण्यास वेळ लागतो, शिक्का पुसट उठतो, मते बाद होतात, आणि केंद्र बळकावून पेट्या भरण्याचा इतिहासही आपण विसरता कामा नये. कागदाविषयीची ओढ ही रम्य आठवण असेल, पण तिच्या तळाशी एक रास्त मागणी आहे. आपण केले ते आपल्याला दिसावे, एवढीच ती मागणी.

निष्कर्ष असा की, हैदराबाद आणि बंगळूर येथील कारखान्यांत बनणारी ही पेटी स्वतंत्र भारतातील उत्तम रचनांपैकी एक आहे. बटण दाबणाऱ्या निरक्षर माणसापुढे तिचे कर्ते नम्र झाले, म्हणून ती उत्तम ठरली. शंका विचारणाऱ्या त्याच माणसापुढे ते तितके नम्र झाले नाहीत, म्हणून ती अपुरी राहिली. पुढचे यंत्र रचताना तज्ज्ञांच्या समितीबरोबर नलगोंड्याची एखादी शेतमजूर बाई, साताऱ्याचा एखादा म्हातारा वारकरी आणि पहाटे चाचणी घेणारा एखादा मास्तर यांच्या हाती नमुना देऊन पाहावा. त्यांना जेथे थांबावे लागेल, विचारावे लागेल, डोळे बारीक करावे लागतील, तेथे रचना बदलावी; आणि त्यांनी ‘कळले’ असे म्हटल्यावाचून ती मंजूर करू नये.